शांता आपटे यांचा आवाज : तंबूपासून तबकडीपर्यंत

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें गडकिल्ले, तहनामे आणि बखरी उभ्या राहतात. शाळेंत मींहि मुलांना तोच इतिहास शिकविला. परंतु ज्या गोष्टी आपल्या घरांत, आपल्या बैठकीच्या खोलींत घडल्या त्यांनाहि इतिहास असतो, आणि त्यांना बखरकार मात्र सहसा मिळत नाहीं. आज अशाच एका गोष्टीविषयीं मी चार शब्द बोलणार आहे. एका गायिका-नटीचा आवाज तंबूंतून निघून आपल्या घरांत कसा आला, वाटेंत त्याचें काय झालें, आणि तो आल्यावर आम्हां रसिकांत कोणते वाद माजले, हा आजचा विषय.

ती नटी म्हणजे शांता आपटे. त्यांचा जन्म १९१६ सालचा, दुधनीचा. दुधनी हें सोलापुरापलीकडचें, कानडी मुलखाच्या वेशीवरचें गांव. वडील स्टेशनमास्तर, पण जीव गाण्यावर. त्यामुळें मुलीचें संगीताचें शिक्षण पंढरपुरास रीतसर झालें. आपल्याकडे बोलपट आला १९३१ सालीं, आणि पुढच्याच वर्षीं 'अयोध्येचा राजा' हा प्रभात कंपनीचा बोलपट मराठींत बोलूं लागला. त्याच १९३२ सालीं भालजी पेंढारकर यांनीं 'श्यामसुंदर' काढला. त्यांत शाहू मोडक कृष्ण झाले आणि शांताबाई राधा. पुढें प्रभात कंपनी कोल्हापूर सोडून पुण्यास आली, आणि तेथें तिनें जो पहिला चित्रपट काढला, त्या १९३४ सालच्या 'अमृतमंथना'नें शांताबाईंचें नांव घरोघर पोंचविलें.

यांत नवीन काय होतें, असें आजचा श्रोता विचारील. नवीन होती ती गाण्याची तऱ्हा. तोंपर्यंत पडद्यावर गाणारीं माणसें नाटकांतल्याप्रमाणें एका जागीं उभीं राहून गात; चेहरा स्तब्ध, हात स्तब्ध, आणि गाणें संपलें कीं पुन्हा नाटक सुरू. रंगभूमीचे सम्राट बालगंधर्व १९३५ सालीं 'धर्मात्मा'मध्यें आमच्या पैठणच्या एकनाथांची भूमिका घेऊन पडद्यावर आले. आवाज तोच, गळा तोच. पण पडदा त्यांना मानवला नाहीं. शांताबाईंचें तसें नव्हतें. त्या गातां गातां डोळ्यांनीं बोलत, हातांतलें काम करीत आणि वाक्याचा शेवट जेथें होई तेथूनच स्वर उचलीत. केशवराव भोळे यांच्यासारखा संगीतकार पाठीशीं होता. भावगीताचा आटोपशीर बांधा कसा असावा, हें त्यांना नेमकें ठाऊक होतें. गाणें बोलण्यांतून उगवावें, ही गोष्ट प्रेक्षकांना येथें प्रथम जाणवली.

या कलेचा कळस म्हणजे १९३७ सालचा 'कुंकू'. नारायण हरि आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून शांताराम यांनीं तो घेतला. हिंदींत तोच 'दुनिया न माने'. नीरा नांवाच्या तरुण मुलीचें लग्न फसवून एका वृद्ध विधुर वकिलाशीं लावून देतात, आणि ती मुलगी त्या माणसाला पति म्हणून मानण्याचें साफ नाकारते, एवढीच गोष्ट. वकील काकासाहेबांच्या भूमिकेंत केशवराव दाते. या चित्रपटांत पार्श्वसंगीत म्हणून निराळें नाहींच. जो आवाज ऐकूं येतो तो त्या घरांतला किंवा रस्त्यावरचा असतो. भिंतीवरच्या जुन्या घड्याळाचा टोलसुद्धां कथेंतलें एक पात्र होऊन बसतो. अशा शांततेंत शांताबाईंचा स्वर उमटतो, म्हणून तो मनांत रुततो. लाँगफेलो या कवीची एक इंग्रजी कवितासुद्धां त्यांनीं या चित्रपटांत गाऊन दाखविली आहे.

पडद्याबाहेरहि ही बाई नीरेसारखीच होती. १९३९ सालीं करारावरून प्रभात कंपनीशीं वाद झाला तेव्हां त्यांनीं कंपनीच्या फाटकापाशीं उपोषण आरंभिलें. सिनेनटीनें असें कांहीं करावें हें त्या काळीं कोणाच्या स्वप्नांतहि नव्हतें. १९४० सालीं 'जाऊं मी सिनेमांत?' हें पुस्तक त्यांनीं लिहिलें. १९४१ सालीं तमिळ 'सावित्री'साठीं त्या तमिळ शिकल्या. त्यांत नारदाची भूमिका एम्. एस्. सुब्बुलक्ष्मी यांची होती. १९४६ च्या 'सुभद्रा' चित्रपटांत तर त्यांच्याबरोबर लता मंगेशकर यांचा कोवळा आवाज ऐकूं येतो. एक पिढी मावळतांना दुसरीच्या हातीं दिवा देते, तसें तें गाणें आहे.

आतां आमच्या मुलखाकडे वळूं. मी अर्धापूरचा. आमचा मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होता. ब्रिटिश हद्दींत शारदा कायद्यानें १९३० पासून चौदा वर्षांखालील मुलीच्या लग्नास बंदी झाली होती. निजामाच्या हद्दींत तो कायदा नव्हता. माझ्या सख्ख्या आत्याचें लग्न १९३८ सालीं झालें. तिचें वय तेरा, आणि नवरा चाळिशी ओलांडलेला बिजवर. आमच्याकडे असलीं लग्नें तेव्हां होत, आणि त्यांना कोणी फसवणूक म्हणत नसे. नशीब म्हणत.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षीं, म्हणजे १९४० च्या सुमारास, एका जत्रेंत तंबूंतल्या सिनेमावाल्यानें 'कुंकू' लावला. सारें घर बैलगाडींतून पाहावयास गेलें. बायका एका बाजूस, पुरुष दुसऱ्या बाजूस, मध्यें कनात. आत्या सांगे कीं, नीरेच्या तोंडचें पहिलें गाणें झालें तेव्हां बायकांच्या बाजूस कोणी हूं कीं चूं केलें नाहीं. पुढें खेळ रंगांत आला असतां पुरुषांच्या बाजूनें तिचे यजमान उठले, आणि "बैल जुंपा" म्हणाले. गाडी निघाली. चित्रपटाचा शेवट आत्यानें पाहिला नाहीं. दुसऱ्या दिवशीं नदीवर कोणा शेजारणीनें तिला सांगितलें, "शेवटीं नांदली गं ती, न नांदून जाते कुठं!" आत्यानें तें खरें मानलें. पुढें १९५५ सालीं ती विधवा होऊन आमच्याच घरीं राहावयास आली, आणि मला तिनेंच वाढविलें.

श्रोतेहो, त्या काळीं चित्रपट ही पाहून सोडून देण्याची वस्तु होती. जत्रा उठली कीं तंबू उठे. घरीं उरे ती फारतर ग्रामोफोनची तबकडी, आणि तीहि ज्याच्या घरीं फोनो असेल त्याच्याकडे. त्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटें मावत. चित्रपटांतलें लांब गाणें तेवढ्यांत बसविण्यासाठीं तें बहुधा निराळें गाऊन घेत. म्हणून तबकडीवरचें गाणें आणि पडद्यावरचें गाणें हीं एकाच गळ्याचीं, पण दोन निराळ्या दिवसांचीं गाणीं असतात. पुढें रेडिओ सिलोननें जुन्या चित्रपटांतलीं गाणीं रोज सकाळीं ऐकविण्याचा नेम धरला आणि शेवटचा मान सैगल यांना देऊन तो वर्षानुवर्षें पाळला. तीं गाणींहि या तबकड्यांचींच. नीरेचें खरें गाणें मात्र फिल्मच्या कडेच्या त्या अरुंद ध्वनिपट्टींत बंदिस्त राहिलें.

आणि ती फिल्म तरी कसली? त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती ठिणगीसरशी पेटते, आणि न पेटली तरी वर्षानुवर्षें आंतल्या आंत कुजून तिची भुकटी होते. शांता आपटे १९६४ सालच्या फेब्रुवारीच्या २४ तारखेस मुंबईस वारल्या. योग असा कीं त्याच फेब्रुवारी महिन्यांत पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें. एका हातानें काळ घेत होता, दुसऱ्या हातानें जपण्याची सोय करीत होता. ज्या प्रभात कंपनीच्या आवारांत 'कुंकू' घडला, तेथें त्यापूर्वींच, १९६० सालीं, चित्रपटाचें शिक्षण देणारी सरकारी संस्था आली होती. पुढें २००३ च्या जानेवारींत याच आवारांतल्या नायट्रेट फिल्मच्या कोठारास आग लागली, आणि किती तरी जुन्या चित्रपटांचीं रिळें जळून गेलीं. पिढ्यानुपिढ्या जपलेल्या पोथ्यांचा दप्तरखाना जळावा, तसें तें झालें.

पण मी पुढें गेलों. मध्यें व्हिडिओ आला. १९८२ च्या आशियाई खेळांच्या निमित्तानें रंगीत दूरचित्रवाणी आली, आणि तिच्या पाठोपाठ गांवोगांव व्हिडिओचें यंत्र भाड्यानें मिळूं लागलें. एका रात्रीसाठीं दूरचित्रवाणीचा संच, यंत्र आणि तीन-चार कॅसेटी. साऱ्या आळीनें वर्गणी काढावयाची आणि पहाटेपर्यंत जागावयाचें. १९८६ सालीं मी नुकताच शाळेंत लागलों होतों. आमच्या अंगणांत असा एक संच आला. मुलांनीं मारामारीचे दोन चित्रपट आणिले होते; मीं हट्टानें नांदेडहून 'कुंकू'ची कॅसेट मिळविली. प्रतीवरून प्रत, तिच्यावरून आणखी एक प्रत अशी ती असावी. चित्र पावसांतून पाहिल्यासारखें दिसे. मध्यरात्रीं मुलें झोंपलीं, तेव्हां मीं ती लावली. आत्या खांबाला टेकून बसली होती. ती तेव्हां एकसष्ट वर्षांची होती.

चित्रपटाचा शेवट आपणांस ठाऊक असेल. काकासाहेबांना आपली चूक उमगते. ते स्वतःचें जीवन संपवितात आणि मागें पत्र ठेवून नीरेला दुसरें लग्न करावयास सांगतात. आत्यानें तो शेवट पाहिला. कॅसेट संपली आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या नाचूं लागल्या, तरी ती हालली नाहीं. मग म्हणाली, "म्हणजे त्याला कळालं होतं तर." थोड्या वेळानें म्हणाली, "पुन्हा लाव रे तेवढं." मीं कॅसेट मागें फिरविली आणि शेवटचा भाग पुन्हा लावला. त्या रात्रीं तो तिनें तीन वेळां पाहिला. घरांत आलेल्या व्हिडिओचा अर्थ मला त्या दिवशीं कळला. तंबूंत खेळ मालकाच्या आणि यजमानांच्या मर्जीनें चाले. येथें एक म्हातारी बाई "पुन्हा लाव" म्हणूं शकत होती, आणि "बैल जुंपा" असें म्हणणारें कोणी नव्हतें.

यापुढचा टप्पा कायद्याचा आहे आणि तो थोडक्यांत सांगतों. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्काच्या कायद्यानें चित्रपटाचा हक्क पन्नास वर्षें चाले. १९९२ सालीं ती मुदत साठ वर्षें झाली. त्या हिशेबानें १९३७ सालच्या चित्रपटाचा हक्क १९९७ च्या अखेरीस सरला. नेमक्या याच सुमारास व्हिडिओ सीडी नांवाची स्वस्त तबकडी आली, आणि तिच्यामागून डीव्हीडी. मग जुने चित्रपट बाजारांत येण्यास कोण अडचण? परंतु कायदा तुम्हांस छापण्याचा हक्क देतो, चांगली प्रत देत नाहीं. ज्याला जी प्रत सांपडली ती त्यानें तबकडीवर उतरविली. कोणाची स्वच्छ, कोणाची अंधुक. कोणाच्या चित्राची कड छाटलेली, तर कोणाच्या गाण्यांत मध्येंच खरखर.

नांदेडास आमचें एक लहानसें मंडळ होतें. त्याला नांव नव्हतें. महिन्यांतून एका रविवारीं कोणाच्या तरी घरीं जमावयाचें, शांता आपटे, पागनीस, सैगल यांपैकीं कोणाची नवी तबकडी आली असल्यास लावावयाची, आणि नंतर चहा होईपर्यंत भांडावयाचें. आमच्यांत एक निवृत्त कारकून होते. मनगटावरचें घड्याळ लावून चित्रपट पाहण्याची त्यांस सवय. एक पेटी वाजविणारे होते. एक केळीचे बागाईतदार होते. ते बोलत कमी, पण प्रत्येक तबकडी दोन-दोन विकत घेत.

एका रविवारीं 'कुंकू'ची नवी तबकडी लावली. खेळ संपतांच कारकून महाशय म्हणाले, "यांत कांहीं मिनिटें कमी आहेत. कापलें आहे." माझ्या काळजांत चर्र झालें. चित्रपटाचा शेवट नसणें म्हणजे काय, हें मीं घरांत पाहिलें होतें. आम्हीं जुनी कॅसेट आणि नवी तबकडी प्रसंगामागून प्रसंग ताडून पाहिली. सारे प्रसंग जागच्या जागीं. शब्द गळला नव्हता. तरी वेळ कमी! इतक्यांत पेटीवाले म्हणाले, "आणि सूरहि चढा आहे. माझ्या ऐकण्यांतली बाईंची पट्टी ही नव्हे." कारकुनांनीं त्यांची थट्टा केली. पुढचे दोन महिने हाच वाद.

उलगडा एका जाणत्यानें केला, आणि तो ऐकून आम्ही सारेच ओशाळलों. चित्रपट पडद्यावर दाखवितांना सेकंदाला चोवीस चित्रें सरकतात. आपल्या देशांत दूरचित्रवाणीची जी पद्धत होती तींत सेकंदाला पंचवीस चित्रें लागतात. फिल्मवरून व्हिडिओ करतांना सोपा मार्ग असा कीं चोवीसाच्या जागीं पंचवीस चालवून मोकळें व्हावें. डोळ्याला फरक कळत नाहीं. परंतु दोन तासांचा चित्रपट एकशेंपंधरा मिनिटें आणि बारा सेकंदांत संपतो. एकहि चित्र न कापतां पांच मिनिटें नाहींशीं होतात. आणि गति वाढली कीं आवाजहि चढतो. पेटीवरची एक पट्टी आणि तिच्या लगतची दुसरी यांमध्यें जें अंतर असतें, त्याच्या सुमारें पाऊण हिश्श्यानें. म्हणजे कारकुनांचें घड्याळ बरोबर होतें, पेटीवाल्यांचा कान बरोबर होता, आणि दोघे ज्याविषयीं भांडत होते ती गोष्ट एकच होती. सगळ्याच तबकड्यांचें असें नसतें. अमेरिकेंतल्या पद्धतीनें केलेल्या तबकडींत कांहीं चित्रें पुन्हा दाखवून मूळची गति राखितात. तिच्यांत गाणें मूळच्या सुरांत राहतें. आमची जुनी कॅसेट कोणत्या पद्धतीची होती याचा हिशेब मग कोणी मांडीत बसलें नाहीं.

तेव्हां बागाईतदारांनीं एक प्रश्न विचारला. "सूर एवढासा चढला, तर बिघडलें काय? गाणें तर तेंच आहे ना?" या प्रश्नावर मीं पुष्कळ विचार केला आहे. एका परीनें त्यांचें म्हणणें खरें. माझ्या आत्याला कोणत्या सुराची कॅसेट लाविली याचें काय सुखदुःख होतें? अंधुक, खरखरती, बहुधा चढ्या सुराचीच ती कॅसेट होती. पण तिनें आपलें काम केलें. जी प्रत हातीं आहे तिचा अनादर करूं नये, ही गोष्ट मी तिच्यापासून शिकलों.

परंतु दुसरी बाजूहि आहे. त्या नदीवरच्या शेजारणीनें कांहीं द्वेषानें खोटें सांगितलें नव्हतें. तिनें शेवट तिच्या समजुतीप्रमाणें थोडासा बदलला, एवढेंच. त्या थोड्याशा बदलावर माझ्या आत्यानें शेहेचाळीस वर्षें काढलीं. न नांदून जाणार कुठें, हा तिच्यापुरता नीरेच्या गोष्टीचा निकाल होता. मूळ वस्तु जशी होती तशी राखणें हा केवळ शौकिनांचा छंद नव्हे, हें मला यावरून पटलें. आज शेवट कापला जातो, उद्यां सूर चढतो, परवां काळ्यापांढऱ्या चित्राला कोणी रंग देतो, आणि प्रत्येक वेळीं "एवढ्यानें काय बिघडलें?" असें आपण म्हणतों. बखरीच्या नकला करणारा कारकून असेंच एकेक अक्षर बदलीत जातो, आणि शंभर वर्षांनीं मूळ बखर काय सांगत होती हें कोणालाच सांगतां येत नाहीं.

आतां तबकड्यांचाहि काळ सरत आला. नातवंडें हातांतल्या फोनवर 'कुंकू' पाहूं शकतात आणि त्यासाठीं वर्गणी काढावी लागत नाहीं. आमच्या मंडळांतले कारकून गेले, पेटीवाले गेले. पण जाण्यापूर्वीं त्या दोघांनीं मिळून एक गोष्ट केली. आमच्याकडच्या प्रत्येक तबकडीच्या वेष्टनावर चिठ्ठी चिकटविली: खेळाची लांबी किती, आरंभींच्या गाण्याची पट्टी कोणती, कोठें तुकडा गळला आहे, शेवट पुरा आहे कीं नाहीं. ऐतिहासिक कागदावर संशोधक टीप लिहितो, तशीच ती टीप. आपल्या घरींहि जुन्या चित्रपटांच्या कॅसेटी किंवा तबकड्या असतील, तर त्या अडगळींत टाकण्यापूर्वीं एकदां लावून पाहा आणि अशी चिठ्ठी लिहून ठेवा, एवढी माझी विनंति आहे. पुण्याच्या संग्रहालयांत मोठें काम होतें आहे. पण घरोघर विखुरलेल्या प्रतींत एखादा असा तुकडा असूं शकतो, जो दुसरीकडे कोठेंहि उरला नसेल.

आत्या १९९४ सालीं गेली. ती १९८६ सालची कॅसेट अजून माझ्यापाशीं आहे. ती लावावयाचें यंत्र आतां मिळत नाहीं, आणि लावली तरी फीत तुटेल. तिच्यावर मींहि चिठ्ठी चिकटविली आहे. लांबी लिहिली नाहीं, पट्टी लिहिली नाहीं. "शेवट पुरा आहे," एवढेंच लिहिलें आहे.